खंडेनवमीचा गंज

आजोबा कुणालाच ‘न्हाई’ म्हणत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच वस्तूसाठी ते दोघांना ‘व्हय’ म्हणाले तर काय होईल, हे मात्र आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ते खंडेनवमीच्या सकाळी सगळ्यांना पाहायला मिळालं, आणि तेही गोठ्यासमोर, जीपच्या साक्षीनं.

सायली तेव्हा जीपच्या डाव्या मडगार्डशी उकिडवी बसून पॉलिश पेपर घासत होती. मडगार्डावरचा हा शेवटचा डाग. दिसायला बंद्या रुपयाएवढा होता, पण सायली आता असल्या दिसण्याला फसणारी राहिली नव्हती. गंज वरून रुपयाएवढा दिसतो आणि खरवडायला घेतला की ताटलीएवढा निघतो. रंगाखाली तो पाय पसरून बसलेला असतो, लग्नाला येऊन बारशापर्यंत राहिलेल्या पाहुण्यासारखा. गणपतीच्या सुट्टीत तिनं पहिला डाग नुसता वरून रेड ऑक्साइड फासून झाकला होता आणि अख्ख्या आळीला हाताला धरून आणून दाखवला होता. आठवडाभरात तो रंग पापडासारखा फुगला. आळीनं तोही येऊन बघितला.

तेव्हापासून तिनं ठरवलं ते ठरवलं. आधी तारेच्या ब्रशनं घास घास घासायचं, पत्रा चांदीसारखा लखलखेपर्यंत. मग पॉलिश पेपरनं भोवतालच्या रंगाची कड इतकी मऊ करायची, की डोळे मिटून बोट फिरवलं तर रंग कुठं संपला आणि पत्रा कुठं सुरू झाला हे नखालाही कळू नये. मग थिनरच्या बोळ्यानं पुसून लगेच रेड ऑक्साइड. ‘लगेच’ला फार महत्त्व, कारण उघडा पत्रा एक रात्र तसाच राहिला तर कोळवण खोऱ्यातलं दव त्याला सोडत नाही. दहावीच्या वर्गात हे ज्ञान कुणाकडेच नव्हतं आणि सायलीनं ते वर्गाला पुरेसं ऐकवलंही होतं.

तिला सगळ्यात आवडायचं ते खरवडलेल्या डागाच्या कडेला उमटणारं रंगांचं वलय. वरचा पांढरा सोमनाथकाकांचा, ते पौडला प्रवासी भरून वडाप करायचे तेव्हाचा. त्याच्याखाली मरून, काकांच्या लग्नाचा. मग निळा, आजोबांचा, दुधाच्या कॅनच्या दिवसांतला. आणि अगदी पत्र्याला चिकटून लष्करी हिरवा, पणजोबा गेणबांनी मिलिटरीच्या लिलावातून जीप आणली तेव्हाचा. अख्खं घराणं मडगार्डावर बोटभर जागेत गोल गोल बसलेलं. सायलीचा रंग अजून लागायचा होता. पिरंगुटहून आणलेला पिवळ्याधमक रंगाचा डबा गव्हाणीत वाट बघत होता.

तेवढ्यात सोमनाथकाका फोन खिशात घालत आले.

“आण्णा, अभय सर निघालेत. क्रेन घिऊन येत्यात.”

आजोबा दगडावर कोयता पाजळत होते. “बरं,” म्हणाले.

“क्रेन कशाला?” सायली म्हणाली.

“जीप न्यायला. त्यांच्या फार्महाउसची वास्तुशांत हाय उद्या. दारातच ठिवायचीय त्यांना. आण्णांनी श्रावणातच हो म्हनलंय.”

सायली उठली. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे उठणं जरा वाकडंतिकडं झालं, पण आवाज सरळ निघाला. “आजोबा, गणपतीत तुम्ही मला म्हणालात, जीप नीट केलीस तर दसऱ्याला हिच्यातनंच देवळात जाऊ. आणि मग ही घरातच राहील.”

“व्हय.”

“आणि काकांना?”

“त्याला बी व्हयच म्हनलो.” आजोबांनी कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. “त्यो इचारत व्हता तवा तू नव्हतीस. तू इचारत व्हतीस तवा त्यो नव्हता.”

यात खोट काढायला जागा नव्हती. 

सोमनाथकाका खोऱ्यातल्या शहरवाल्यांची फार्महाउसं सांभाळायचे. झाडं, लॉन, पंप, वॉचमन, सगळं. त्यांचं भांडवल म्हणजे शब्द. सोमनाथला सांगितलं म्हणजे झालं, अशी त्यांची ख्याती डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचली होती. त्यामुळे त्यांचा जीव खरोखरच टांगणीला लागला होता, हे सायलीला दिसत होतं. फक्त तिचाही लागला होता.

“हे बघ सायले,” काका गोड आवाजात म्हणाले. गोड आवाज त्यांना शोभत नसे. “आण्णा काय म्हनले तुला? नीट केलीस तर. झाली का नीट? बॉनेट ऱ्हायलंय की.”

सगळ्यांनी बॉनेटकडे पाहिलं.

बॉनेटवर, बरोबर मधोमध, गंजाचा एक चांगला परातीएवढा डाग होता. त्याला सायलीनं अजून हात लावला नव्हता, कारण त्या डागावर चंद्राआत्याचं स्वस्तिक होतं. चंद्राआत्या म्हणजे आजोबांची थोरली बहीण. आजोबा तिला आक्का म्हणत, बाकी सगळं घर आत्या. पणजोबांच्या काळापासून दर दसऱ्याला जीपची पूजा आत्याच करत आली होती. तेलात कालवलेल्या कुंकवानं स्वस्तिक काढायचं, त्यावर हळद आणि अक्षता, शेवटी बॉनेटच्या कडेवर नारळ फोडून पाणी वर शिंपडायचं. आणि देवाचं कुंकू कुणी पुसायचं नाही, गाडीला नवा रंग देतानाही तेवढी जागा सोडायची. पुढच्या दसऱ्याला त्यावरच नवं. असं करत करत तिथं कुंकवाचे इतके थर बसले होते, की स्वस्तिक काढलेलं न वाटता उगवलेलं वाटायचं.

“ते आत्ता करते,” सायली म्हणाली. “क्रेन यायच्या आत. बॉनेट झालं की जीप नीट झाली. बरोबर ना, आजोबा?”

“व्हय.”

“आन् न्हाई झालं तर माजं खरं, आण्णा?” काका म्हणाले.

“व्हय.”

“ह्यांना कुणीतरी घरात न्या गं,” मोनिकाकाकू ओट्यावरून म्हणाल्या. काकू माहेरच्या पुण्याच्या. त्यांचं मत सरळ होतं: गोठ्यात गाय नाही, बैल नाही, राहते ती नुसती जीप, मग ती जागा त्यांच्या कारला का मिळू नये? कार बिचारी चिंचेखाली उभी राहते आणि पक्षी तिच्यावर नको ते करतात. “सायली, राग मानू नकोस हं. तू छानच काम केलंयस. पण जाणारच आहे ना गाडी. नटून जाईल.”

सायलीला नेमका त्याचाच राग आला. महिनाभर तिनं ज्या जीपचे गाल घासले, ती म्हणे नटून सासरी जाणार.

तारेचा ब्रश मघापासून सापडत नव्हता. तिनं डबा उलटा केला, सीटखाली पाहिलं, आईला विचारलं. आई पुरणाच्या घाईत होती. तिनं नुसतं हनुवटीनं गोठ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे दाखवलं.

कोपऱ्यात पाट मांडून आत्या बसली होती. पाटावर, आजोबा पाजळत बसलेला कोयता तेवढा सोडून, घरातली झाडून सगळी हत्यारं धुऊन पुसून ओळीनं ठेवली होती. विळा, खुरपी, पहार, आईची विळी, काकांचं गवत कापायचं मशीन, काकूंची शिवणाची कात्री, बाबांचे पाने. बाबा घोटावड्याला कंपनीत होते. त्यांच्या गैरहजेरीत त्यांचे पाने देवापुढे हजर होते. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, हळदकुंकू लावलेला, दांड्याला झेंडूचं फूल खोचलेला तारेचा ब्रश.

“आत्या,” सायली म्हणाली, “माझा ब्रश.”

“पूजलाय.”

“अगं, पण मला आत्ता लागणार होता.”

“तुजं हत्यार हाय का न्हाई ते? म्हयनाभर बघतीया मी, सकाळ न्हाई संध्याकाळ न्हाई, खरखर खरखर. म्हनलं, पोरीचं बी मांडावं.” आत्यानं तिच्याकडे वर पाहिलंच नाही. समईची वात सारत राहिली. “आता उद्या उत्तरपूजा झाली की घे. पूजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाई.”

 गेणबांची पहार आणि तिचा ब्रश एका पाटावर. शाळेत वक्तृत्वाचा कप मिळाला होता तेव्हाही तिला इतकं भरून आलं नव्हतं. आणि त्याच वेळी तिला हेही स्वच्छ कळत होतं, की आपला सन्मान झाला आणि आपण निःशस्त्र झालो.

“पॉलिश पेपरनं केलं तर?” तिनं विचारलं. “तो पूजला नाहीस ना?”

“त्यो कागद हाय, त्याला काय पूजायचं. कशाचं करनार हायस?”

“बॉनेट.”

आता आत्यानं वर पाहिलं. “देवाचं कुंकू खरवडनार तू?”

“खाली गंज आहे गं, आत्या. पत्रा खाल्लाय. मी टिचकी मारून बघितलं. बाकी सगळीकडे ठणठण वाजतंय आणि तिथं फणसावर मारल्यासारखं भद् भद्.”

“वाजू दे. देवाच्या जागंला ब्रश न्हाई का कागद न्हाई. माझ्या जितेपनी न्हाई.”

दारातून काकांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा ते आत्याच्या बाजूनं जोरात बोलले. “बराबर हाय आत्याचं. देवाधर्माला हात लावायचा न्हाई.”

“तू गप,” आत्या म्हणाली. “नवरात्रात आंडी खातोस.”

तेवढ्यात फाट्यावरून क्रेनचा आवाज आला.

अभय सर वाईट माणूस मुळीच नव्हते. हसतमुख, टोपीवाले, गावातल्या प्रत्येक झाडाला नाव विचारणारे. ते गाडीतून उतरले, आजोबांना वाकून नमस्कार केला, आत्याला केला, चुकून काकूंनाही केला आणि मग जीपकडे वळले. वळले ते तसेच उभे राहिले.

पांढऱ्या जीपवर जागोजागी रेड ऑक्साइडचे तांबडे ठिपके होते. मडगार्डावर, दारांवर, मागच्या फळीवर. अंगणात गेरूचे हात उठवलेली खिलारी गाय असावी, तशी ती उभी होती.

“सोमनाथ,” अभय सर हळूच म्हणाले, “गंज कुठे गेला?”

“काढला की, सर,” काका अभिमानानं म्हणाले. “आमच्या पुतणीनं. एकटीनं.”

“सगळा?”

अपघातानंतर नातेवाइकांची चौकशी करावी तसा तो आवाज होता. काकांचं हसू जागच्या जागी वाळलं.

“म्हणजे... सर, नको होता काढायला?”

“अरे, गंजासाठीच तर घेत होतो मी. तो लूक! रंग तर कुठल्याही गाडीला मिळतो रे. ते टेक्श्चर यायला वर्षं जावी लागतात.” त्यांनी मडगार्डावरून हात फिरवला. “किती गुळगुळीत केलंय,” ते दुःखानं म्हणाले.

सायलीच्या कामाची इतकी मनापासून तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि ती अशी रडवेल्या सुरात यावी. तिला हसू फुटत होतं. तिनं ते ओढणीत दाबलं.

काकांनी तिला दंडाला धरून चिंचेखाली नेलं. “सायले, गंज परत येतो का?”

“येतो ना. रेड ऑक्साइड काढायचं आणि पावसात ठेवायची. दोन-तीन पावसाळ्यांत मस्त येईल.”

“उद्यापातुर?”

“उद्यापातुर नाही येणार, काका.”

“मिठाच्या पान्यानं? चिंचंच्या पान्यानं?”

“माझ्या सैपाकघरातलं मीठ आज हालनार न्हाई,” आई आतून म्हणाली. आईचं लक्ष कुणाकडे नसतं आणि कान सगळीकडे असतात.

इकडे अभय सर जीपभोवती उदासपणे फिरत पुढच्या बाजूला आले आणि एकदम थबकले. त्यांनी टोपी काढली.

“हे,” ते म्हणाले. “हे मात्र... सोमनाथ, हे बघ. हे राहिलंय.”

बॉनेटवर सकाळचं ऊन पडलं होतं. तांबूस, करडा, काळपट, कडेनं पापुद्रे सुटलेला गंज, त्यात मुरलेलं कुंकू, मध्येच हळदीची पिवळी झाक, आणि त्यातून वर आलेलं स्वस्तिक. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. सायलीलाही पहिल्यांदाच तसं दिसलं, आणि याचा तिला रागच आला.

“इतका सुंदर गंज कशानं आला असेल?” अभय सर म्हणाले.

“पूजेनं,” सायली म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं.  आजोबांचा कोयता दगडावरच थांबला.

“दर वर्षी ओलं कुंकू आणि नारळाचं पाणी,” सायली आता थांबू शकत नव्हती. “आणि वर्षभर पुसायचं नाही. मग पाणी बसतं रंगाच्या फटीत. दुसरीकडे कुठंच इतका नाहीये.”

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पाटावरून उठून दारात आली होती. ती काही वेळ बॉनेटकडे बघत राहिली.

“म्हंजी देवानं खाल्लं,” ती शेवटी म्हणाली. “त्याच्याम्होरंच ठिवत हुतो की. खाल्लं आसंल तर त्याचं त्याला.”



“आजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका,” अभय सर पुढे झाले. “मी हे स्वस्तिक जपणार आहे. वरून पारदर्शक वार्निश मारणार, म्हणजे कायमचं टिकेल.”

“देवाला वार्निश?”

“हो. आणि मग इंजिन काढून टाकायचं, आत माती भरायची आणि बॉनेटच्या खालून बोगनवेल बाहेर काढायची. गुलाबी. मागच्या सीटच्या जागी पिटुनिया. मुलं बसतील, फोटो काढतील.”

अभय सरांना हे सांगताना खरा आनंद होत होता. त्यांनी हातांनी वेल काढून दाखवली. आजोबांनी इंजिन काढण्याच्या वाक्याला डोळे मिटले. दर रविवारी ते जीप चालू करून घटकाभर तिच्या शेजारी बसत. तिचा आवाज ऐकायचा, एवढंच.

“सोमा,” आत्या म्हणाली, “त्यात माती भरनार हायेत, हे तुला म्हायती व्हतं?”

“आत्या, आता ते त्यांची वस्तू...”

“आमचे देव कुंडीवर बसवनार तू?”

काकांची युती दहा मिनिटंसुद्धा टिकली नाही. त्यांनी घाईनं बायकोकडे पाहिलं. तिकडून तरी टेकू मिळेल म्हणून. पण मोनिकाकाकू ओट्यावरून उतरून केव्हाच डाव्या मडगार्डापाशी आल्या होत्या. जिथं सायलीचं रेड ऑक्साइड अजून लागलं नव्हतं, त्या उघड्या डागाकडे त्या वाकून बघत होत्या.

“हा मरून,” त्या म्हणाल्या. “हा माझ्या शालूचा मरून आहे.”

“हां, ते...” काका म्हणाले.

“तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, दुकानात तेवढा एकच डबा उरला होता.”

“व्हता की.”

“कुठला,” आजोबा पाजळलेला कोयता आत पाटावर ठेवून येत म्हणाले. “शालूची कात्रन खिशात घालून पौडपासनं पुण्यापातुर दुकानं हिंडला. दोन दिस भात लावनी सोडून. मी शिव्या घातल्या व्हत्या.”

काका कानापर्यंत मरून झाले. काकूंनी डागावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. “राहू दे माझी कार चिंचेखाली,” त्या म्हणाल्या, आणि ओट्यावर जाऊन बसल्या. काकांकडे अजिबात न बघता, पण बघत.

आता काका एकटे पडले. त्यांचं तोंड बघून सायलीचा राग थोडा उतरला. क्रेनवाला घड्याळ बघत होता. शब्द दिलेला माणूस अंगणाच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं.

“सायले, खरवड ते,” आत्या एकाएकी म्हणाली. “एकदाचं काढ. त्याच्याकडं जायापरीस खरवडलेलं बरं.”

“ब्रश पूजेत आहे, आत्या.”

“मग कागदानं.”

“एवढा गंज पेपरनं उद्या संध्याकाळपर्यंत पण नाही निघणार.”

“मग उचल ब्रश,” काकू म्हणाल्या.

“पूजलेला?” आत्या.

“आक्का, मग काय करावं म्हनतीस?” आजोबांनी विचारलं.  आता आजोबांच्या कोयत्यासकट घरातलं एकूण एक हत्यार देवापुढे फुलं खोचून बसलं होतं. त्या दिवशी त्या घरात कुणालाच काही कापता, खोलता, खरवडता किंवा ठोकता येणार नव्हतं. भांडणसुद्धा नुसत्या तोंडानं करावं लागत होतं.

सायली जीपच्या टायरवर टेकली. डोकं तापलं होतं. शाळेच्या वादविवादात तिला एक गोष्ट कळली होती, समोरच्याला नक्की काय हवंय ते त्यालाच विचारावं. बहुतेकांनी स्वतःला ते विचारलेलंच नसतं.

“सर,” ती म्हणाली, “तुम्हाला जीप हवीय की गंज?”

अभय सरांनी विचार केला. प्रामाणिक माणूस. “गंज,” ते म्हणाले.

“मग गंज घेऊन जा. बॉनेट न्या. भिंतीला लावा, दारात उभं करा, वेल सोडा त्याच्यावर. बाकीची जीप तर मी तुमच्यासाठी बिघडवूनच ठेवलीय.”

अभय सर बॉनेटपासून दोन पावलं मागं सरले. मान तिरपी केली. “भिंतीवर,” ते पुटपुटले. “एंट्रन्सलाच. दगडी भिंतीवर.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा ऊन पडलं. “सोमनाथ, हे तर जास्त चांगलं आहे रे. जीपला जागा तशी अडचणच होती.”

काकांनी इतका मोठा श्वास सोडला की चिंचेवरचे पक्षी उडाले. “मी तेच म्हननार व्हतो, सर.”

“आण्णा?” आता काका आणि सायली दोघांनी एकदमच विचारलं.

“व्हय,” आजोबा म्हणाले. या वेळी दोघंही हजर होते.

“थांबा,” आत्या म्हणाली.

सगळे थांबले. ती आत गेली आणि ताम्हण, अक्षता, पळीभर दही घेऊन आली. बॉनेटसमोर उभी राहिली आणि पदर डोक्यावर घेतला. काय चाललंय ते सायलीला पहिल्यांदा कळेना. मग गणपतीच्या शेवटच्या दिवशीचं आठवलं. आत्या स्वस्तिकाची उत्तरपूजा करत होती. हळद, कुंकू, अक्षता. हात जोडून ती पुटपुटत होती. त्यात पणजोबांचं नाव आलं, आजोबांचं आलं, आणि सायलीला वाटलं की आपलंही आलं, पण तिनं खात्री करून घेतली नाही. शेवटी आत्यानं बॉनेटच्या दोन्ही कडा धरल्या.

“शिवा रे सगळे. हालवायचं हाय.”

आजोबांनी हात लावला, काकूंनी लावला, पिठाचे हात पुसत आईनं लावला, काकांनी लावला, आणि बाहेरचे म्हणून मागं उभ्या राहिलेल्या अभय सरांनासुद्धा आत्यानं डोळ्यांनीच बोलावलं. बॉनेटचे हुक सायलीनं हातानंच सोडले. सगळ्यांनी मिळून ते बोटभर वर उचललं आणि खाली ठेवलं.

“गेला देव,” आत्या म्हणाली. “आता नुस्ता पत्रा हाय. न्या.”

मागच्या बिजागरीचे नट क्रेनवाल्यानं आपल्या पान्यानं काढले. त्याचं हत्यार पूजलेलं नव्हतं. तो दुपारी घरी जाऊन पूजणार होता. जीपएवढी गाडी उचलायला आलेली क्रेन एक बॉनेट गोधडीत गुंडाळून घेऊन गेली. अभय सर मागच्या गाडीतून त्याच्यावर नजर ठेवून होते, मांजर दूध नेणाऱ्यावर ठेवतं तशी.

धूळ खाली बसल्यावर काका जीपकडे वळले. इंजिन उघडं पडलं होतं, काळं, तेलकट, आतड्याच्या गुंत्यासारखं. “आन् ही? आता हिचं काय?” ते म्हणाले. “बॉनेटच न्हाई. ही काय नीट झाली म्हनायची?”

सायलीनं जीपभोवती एक सबंध फेरी मारली. मडगार्ड, दारं, मागची फळी. राहिलेल्या त्या एका डागाला तिनं आधी रेड ऑक्साइड लावलं, मग उभी राहिली.

“दाखवा गंज,” ती म्हणाली. “कुठं आहे दाखवा.”

काका खरोखर वाकले. खालूनसुद्धा बघितलं. मग गुडघे धरत उठले.

“न्हाई,” ते म्हणाले. “लेकाचा एक बी डाग न्हाई.”

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली आणि सायलीला तिचा ब्रश परत मिळाला, पण रंग लावायला वेळ कुणाला होता. देवळात पोचायचं होतं. मग जीप तशीच निघाली. तांबड्या ठिपक्यांची, बिनबॉनेटची. बॉनेट नसल्यामुळे आत्यानं कुंकू पुढच्या काचेच्या चौकटीवर लावलं, आणि बोटानं लावून झाल्यावर पदराच्या टोकानं कडेचं ओलं स्वतःच टिपून घेतलं. 

आजोबा स्टेअरिंगवर. शेजारी आत्या. मागं आई, काकू, आदल्या रात्री कंपनीतून आलेले आणि घडलेलं सगळं समजून घेता घेता थकलेले बाबा, आणि फळीवर उलटे बसलेले काका. सायली मध्ये उभी, चौकटीला धरून. भात निसवायला, कणसं धरायला आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याचा वास गाडीत शिरत होता. आजोबांनी अॅक्सिलरेटर दाबला आणि सगळ्या खोऱ्याला दिसेल अशा तऱ्हेनं पंखा गरगर फिरायला लागला, पट्टे पळायला लागले, नळ्या थरथरायला लागल्या.

वाटेत पारावरच्या सगळ्या माना वळल्या. कुणीतरी मोबाइल काढला. शाळेतल्या दोघीतिघी मैत्रिणी टपरीपाशी उभ्या होत्या. त्यांना बघून सायलीचा हात आपोआप ओढणीकडे, तोंड झाकायला गेला.

“सोमा,” आत्या मागं वळून म्हणाली, “सगळं आतलं दिसतंय की रं लोकांना.”

काकांनी काही म्हणायच्या आत सायलीनं ओढणी सोडून दिली आणि चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“दिसू दे, आत्या,” ती म्हणाली. “चालतंय, ते पण दिसू दे.”

आजोबांनी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. तेव्हा ते स्वतःच ओरडले, “व्हा बाजूला,” आणि पारावरची माणसं खरंच बाजूला झाली.